बावीस मतांचा ठराव

रात्रीची जेवणे आटोपून वडील मंडळी बातम्या ऐकत बसली असता घरातील एखादा तरुण हटकून विचारतो, “विरोधी पक्षाच्या सभासदाने इतके कळवळून सांगितले; पण मते घेतली तेव्हा ठराव पडलाच ना? मग त्या भाषणाचा उपयोग काय?” प्रश्न रास्त आहे. ‘तुला अजून कळत नाही’ असे म्हणून त्याला गप्प बसविणे बरोबर नाही. या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा एका घडलेल्या हकीकतीतून अधिक चांगले मिळते. ती हकीकत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची असून, परदेशी नेलेल्या हिंदी मजुरांचा कैवार हा तिचा विषय आहे.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली अमलात आला. तेव्हा उसाच्या मळ्यांवर राबण्यास माणसे कोठून आणावयाची, असा प्रश्न मळेवाल्यांपुढे उभा राहिला आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. त्याच वर्षी मॉरिशस बेटावर करारबंद मजुरांची रवानगी सुरू झाली. पुढे १८६० साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीस व १८७९ साली फिजी बेटांस अशीच गलबते जाऊ लागली. एकट्या नाताळला १९११ पर्यंत सुमारे १,५२,००० माणसे गेली. मजुराकडून पाच वर्षांचा ‘अॅग्रीमेंट’ नावाचा करार लिहून घेत. त्या शब्दाचा त्या गरिबांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाला, आणि ते स्वतः गिरमिटिये झाले.

या कराराचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या घरातील गडी काम सोडून गेला तर फार तर त्याचा पगार बुडतो. गिरमिटियाची गोष्ट निराळी होती. धनी निवडण्याचा हक्क त्याला नव्हता, परवान्यावाचून मळ्याची हद्द ओलांडता येत नव्हती, आणि कामावर गैरहजर राहणे हा फौजदारी गुन्हा मानून त्याला तुरुंगात टाकता येत असे. ज्या कागदावर त्याने अंगठा उठविला, त्यातील या तुरुंगाची कल्पना भरती करणारे दलाल त्याला क्वचितच नीट देत. शिवाय दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवाव्यात असा नियम होता. जेथे हे प्रमाण, तेथे संसाराची व स्त्रीच्या अब्रूची काय दशा होत असेल, हे कुटुंबवत्सल वाचकांस फोड करून सांगावयास नको.

एवढे सोसून पाच वर्षे भरली तरी सुटका नव्हती. मुदत संपल्यावर जो मजूर मायदेशी परतणार नाही किंवा पुन्हा करार करणार नाही, त्याजवर नाताळच्या सरकारने १८९५ च्या कायद्याने दरसाल तीन पौंडांचा कर बसविला. त्या वेळच्या भावाने हे ४५ रुपये झाले. करारातील पहिल्या वर्षाचे वेतन महिना दहा शिलिंग असे. त्या मानाने ही सहा महिन्यांची कमाई होय. पुढे तेरा वर्षांवरील मुली व सोळा वर्षांवरील मुलगे यांनाही हा कर लागू झाला. नवरा, बायको व दोन मोठी मुले असे कुटुंब असेल तर वर्षाला बारा पौंड! हेतू उघड होता : मजूर हवा, पण शेजारी नको.

या लोकांची दाद वरिष्ठ कायदेकौन्सिलात लावण्याचे काम गोखल्यांनी अंगावर घेतले. ते कौन्सिल आजच्या लोकसभेसारखे नव्हते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतरही तेथे सरकारी सभासदांचे बहुमत कायम राखलेले होते. अर्थात बिनसरकारी हिंदी सभासद हे कायमचेच विरोधी पक्षात. कधीकाळी सत्ता हाती येईल ही आशाही त्यांना नव्हती. गोखले निवडून गेले ते मुंबई कौन्सिलाच्या बिनसरकारी सभासदांच्या मतांवर. नाताळच्या मळ्यातील एकाही मजुराला त्यांना मत देता येत नव्हते आणि दिलेले काढूनही घेता येत नव्हते. ज्यांच्याकडून काहीही मिळावयाचे नाही, अशांचे हे वकीलपत्र होते.

सार्वजनिक हिताच्या बाबतीत ठराव मांडण्याचा हक्क नव्या सुधारणांनी सभासदांना दिला होता. ठराव म्हणजे नुसती शिफारस. ती मानणे न मानणे सरकारच्या मर्जीवर. तरीही २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा अधिकार सरकारने हाती घ्यावा असा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला, कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली.

येथे समाधान मानून स्वस्थ बसणारा दुसरा कोणी असता. गोखल्यांनी ४ मार्च १९१२ रोजी दुसरा ठराव आणला : एका वसाहतीपुरती नव्हे, तर करारबंद मजुरीची पद्धतच सर्वत्र बंद करावी. फर्ग्युसन कॉलेजात वर्षानुवर्षे शिकविलेल्या आणि शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिलेल्या या प्राध्यापकाचे शस्त्र म्हणजे आकडे. ही पद्धत चालू ठेवावी असा अभिप्राय सँडर्सन समितीने १९१० साली दिला होता. गोखल्यांनी त्याच समितीपुढील पुरावा हाती घेऊन तिच्या निर्णयाचा पाया पोकळ असल्याचे दाखविले. मजुरांवरील खटले, त्यांच्यातील आत्महत्या, स्त्रियांची दैना, सारे त्यांनी आवाज न चढविता मांडले. ही पद्धत कपटावर उभी असून जबरीने टिकविलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तिच्यामुळे वसाहतींत हिंदी माणूस कितीही शिकलेला असला तरी कुलीच गणला जातो, हेही त्यांनी बजावले.

मते घेतली गेली. ठरावाच्या बाजूने २२ मते पडली, आणि सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. हा ठराव मान्य होईपर्यंत आपण तो पुन्हा पुन्हा आणीत राहू, असे गोखल्यांनी सांगून ठेविले होते. त्याच महिन्यात, १९ मार्च रोजी, त्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी नापास झाले. पंधरा दिवसांत दोन पराभव! पण त्याच वर्षी ऑक्टोबरात, प्रकृती खालावलेली असताही, ते दक्षिण आफ्रिकेस गेले व गांधीजींबरोबर गावोगाव हिंडले. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू पुष्कळ होते. म्हणून गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला आणि भाषांतर स्वतः करण्याचे पत्करले. गांधीजींच्या मराठीची गोखल्यांनी थट्टा केली खरी, पण बोलले मराठीतच. तीन पौंडांचा कर रद्द होईल असा विश्वास त्यांना तेथील प्रधानांच्या भेटीत वाटला होता. तो फोल ठरला. १९१३ च्या सत्याग्रहात मजूर स्वतः उठले, तेव्हा कोठे १९१४ साली तो कर गेला.

गोखल्यांच्या शब्दाला एवढे वजन का आले, याचे एक कारण आपल्या घरांशी निगडित आहे. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्य मानलेल्या वर्गांच्या उन्नतीचा ठराव त्यांनी मांडला. त्या भाषणात त्यांनी आपले गुरू न्यायमूर्ती रानडे यांची एक आठवण सांगितली. मुंबईच्या एका सभेत दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचे हाल ऐकून सारे संतप्त झाले होते. त्या वेळी रानड्यांनी श्रोत्यांनाच विचारले, की आपण आपल्या देशातील हीन मानलेल्या बांधवांना कसे वागवितो? गोखल्यांनी पुढे हेही दाखविले, की ज्याला आपण शिवून घेत नाही, तोच उद्या धर्मांतर करून कोट-पाटलोण घालून आला म्हणजे आपण त्याशी हस्तांदोलन करतो. हे बोलणारा गृहस्थ चित्पावन ब्राह्मण होता आणि ऐकणारे बहुतेक उच्चवर्णीय होते. परक्या सरकारकडे न्याय मागावयाचा आणि आपल्या ओसरीवर तो नाकारावयाचा, हा दुटप्पीपणा त्यांनी स्वतःस किंवा स्वकीयांस माफ केला नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते. पुढील वर्षी, मार्च १९१६ मध्ये, पंडित मदनमोहन मालवीय यांनी करारबंद मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव त्याच कौन्सिलात मांडला, आणि या खेपेस व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने तो मान्य केला. मार्च १९१७ मध्ये भरती थांबविण्यात आली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. चार वर्षांपूर्वी नाकारलेली मागणीच मान्य झाली होती. मांडणारा मात्र ते पाहावयास राहिला नव्हता.

मॉरिशसच्या मळ्यांवर गेलेल्यांत रत्नागिरीकडील माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी तेथे मराठी भाषा व गणेशचतुर्थी आजतागायत जपली आहे. गोखल्यांचा जन्मही त्याच जिल्ह्यातील कोतळूकचा. एका मातीतील काही माणसे गिरमिटावर गेली, आणि त्याच मातीतील एक मुलगा शिकून ते गिरमिट फाडण्यास उभा राहिला.

तेव्हा घरातील त्या तरुणास आपण असे सांगावे : बाबा रे, मते मोजतात ती त्या दिवसापुरती. पण खरा आकडा एकदा दप्तरात नोंदला गेला म्हणजे तो पुसता येत नाही, आणि पुढच्या माणसाला तेथून काम सुरू करता येते. म्हणून ठराव पडल्याची बातमी आली, की मांडणाराने कोणासाठी मांडला, त्याचा पुरावा खरा होता काय, आणि जो न्याय तो बाहेर मागतो तो घरात पाळतो काय, एवढे तीन प्रश्न विचारावे. त्यांपैकी तिसरा प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. कारण त्याचे उत्तर देण्यास कोणत्याही सभागृहातील बहुमत लागत नाही.