इसबाचे माप रक्तात शोधताना

लहान मुलाचे इसब किती बळावले आहे, हे रक्तावरून ठरवण्याची खटपट इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीपासून सुरू झाली. पॉल एर्लिक यांनी १८७९ मध्ये ती इतर पेशींपासून वेगळी दाखवली. लिशमन रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर ती आजही चटकन नजरेत भरते. चष्म्याच्या दोन काचांसारखे जोडलेले केंद्रक आणि भोवती विटकरी दाण्यांची दाटी, असे तिचे रूप. एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारण ५०० पर्यंत असतात. इसब किंवा दमा असलेल्या मुलांत त्या बऱ्याच वर जातात.

१९३३ मध्ये वाइज आणि सुल्झबर्गर यांनी या इसबाला 'एटोपिक डर्माटायटिस' म्हटले, पण त्यामागचा रक्तातला घटक हाती लागायला आणखी तीन दशके गेली. डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्य आणि उप्सालात योहान्सन व बेनिच यांनी १९६६-६७ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे शोधला. १९६८ मध्ये त्याला 'आयजीई' हे नाव मिळाले. हॅनिफिन आणि राय्का यांनी १९८० च्या निदान-निकषांत वाढलेल्या आयजीईला गौण लक्षणाचे स्थान दिले, आणि ते गौण ठेवले हे योग्यच झाले. इसबाच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णात आयजीई वाढलेलेच नसते, आणि ज्यांचे वाढते त्यांचा आकडा कातडी सुधारल्यावरही महिनोन्‌महिने चढाच राहतो.

रक्ताचा आकडा ताडून पाहायला त्वचेचेही माप लागते. ते १९९३ मध्ये 'स्कोराड'च्या रूपाने आले. किती अंग व्यापले, लाली, सूज, ओल, ओरखडे, जाडपणा आणि कोरडेपणा किती, हे डॉक्टर नोंदवतात. खाज आणि मोडलेली झोप यांना आईवडील शून्य ते दहा गुण देतात. सगळे मिळून गुण १०३ पर्यंत जातात. रात्रभर खाजवणाऱ्या लेकराला थोपटत बसलेल्या आईचे म्हणणे त्यात आकड्यात धरले जाते, ही या मापाची मोठी जमेची बाजू.

नव्वदीच्या दशकातल्या, मुलांच्या दमा-इसबाच्या 'आयझॅक' या जागतिक पाहणीत विदर्भातून अकोला केंद्र होते. तिथे मुलांना प्रश्नावली दिली गेली, रक्त घेतले नव्हते. रक्ताचा विचार २००५ मध्ये कोलकात्याच्या संदीपन धर आणि सहकाऱ्यांनी केला. इसब तीव्र तसे इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही चढे, असे त्यांना आढळले.

हा निष्कर्ष यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनसारख्या गावी, जसाच्या तसा वापरता येत नाही. कारण जंत. कापसाच्या रानात अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या तळव्यातून आकडी जंताची अळी शरीरात शिरते, आणि तिच्याविरुद्ध शरीर हीच दोन हत्यारे उगारते: इओसिनोफिल आणि आयजीई. शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे आढळणारा हत्तीरोगही हेच आकडे वाढवतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडी आणि शाळांत अल्बेंडाझोलची गोळी देतात, पण जंत पुन्हा होतात. म्हणून इथे एकट्या आकड्यावरून इसबाची तीव्रता सांगणे धोक्याचे आहे. तो वाचायचाच तर जंतांचा बंदोबस्त झाल्यावर, आणि त्याच मुलाच्या आधीच्या आकड्याशी ताडून.

अधिक नेमका घटक जपानमध्ये सापडला. 'टार्क' हे प्रथिन १९९६ मध्ये वर्णिले गेले, २००१ मध्ये इसबाशी त्याची पातळी जोडली गेली आणि २००८ पासून त्याची तपासणी तिथल्या आरोग्य विम्यात आली. ते इसबाबरोबर चढते आणि मलम नीट लागू पडले की काही आठवड्यांत उतरते. मात्र तान्ह्या बाळात ते मुळातच जास्त असते. जपानी मापाने सहा महिने ते एक वर्ष वयाला १,३६७ पिकोग्रॅमपर्यंत चालते, दोन वर्षांनंतर ७४३ पर्यंतच. शिवाय प्लेटलेटमध्येही टार्क असते, म्हणून नमुना वेळेत वेगळा केला नाही तर आकडा फसवा येतो. ही अडचण लांबच्या प्रयोगशाळेवर विसंबणाऱ्या गावांना अधिक जाचते. २०२१ मध्ये जपानने मुलांसाठी 'एससीसीए-२' ही आणखी एक चाचणी विम्यात घेतली.

२०१७ मध्ये अमेरिकेत प्रथम मंजूर झालेल्या ड्युपिलुमॅब या इसबावरच्या औषधाने या आकड्यांची वेगळीच कसोटी घेतली. त्याने टार्क झपाट्याने उतरते आणि आयजीई हळूहळू, पण काही रुग्णांत कातडी निवळत असतानाच इओसिनोफिल मात्र काही काळ वाढतात.