हात गेला, तरी शेतकरी शेतकरीच

बीड जिल्ह्यात ऑक्टोबर महिन्यात सोयाबीनच्या मळणीची एकच घाई उडते. आभाळ भरून आले की मळणी यंत्र रात्री उशिरापर्यंत चालते, आणि थकलेला हात यंत्राच्या तोंडाशी केव्हा गेला हे कळतही नाही. अशा यंत्रांच्या नियमनासाठी १९८३ साली केंद्र सरकारने कायदा केला. पीक आत सरकविण्याचा पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब व ड्रमकडे निम्मा झाकलेला असावा. ज्या यंत्राला तो नाही, ते खळ्यावर येऊच देऊ नये.

तथापि अपघातानंतर गाव कसे वागते, हा प्रश्न याहून अवघड आहे. सातबारा जखमी खातेदाराच्याच नावावर राहतो. परंतु बियाण्याची माहिती मात्र त्याच्या भावास सांगितली जाते, आणि शेतीशाळा भरते ती ओढ्यापलीकडच्या शेतात! हातासोबत जमिनीची जाण जात नाही. ग्रामसेवक व कृषी सहायक बंधूंनी बोलावे ते त्याच्याशीच.

गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिलेल्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत, २०२३ च्या निर्णयानुसार, एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास १ लाख व दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. रुग्णालयात धावणाऱ्या कुटुंबाचे हे दिवस हां हां म्हणता निघून जातात. म्हणून कागदपत्रे जमविण्याचे काम गावातील कार्यकर्त्यानेच अंगावर घ्यावे.

पाय गमावलेल्यास १९६८ च्या सुमारास जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला रबरी पाय उपयोगी पडतो. तो घालून मांडी घालता येते, उकिडवे बसता येते व चिखलातही चालता येते.

जिल्ह्यात रुजलेला रेशीम व्यवसाय अशा शेतकऱ्यास विशेष मानवण्यासारखा आहे. तुतीची छाटणी दुसऱ्याने केली, तरी अळ्यांना फांद्या घालणे, रोगट अळ्या वेचणे, उष्णता व ओलावा पाहणे ही कामे एका हाताने, अथवा खालच्या कप्प्यांपुरती बसूनही होतात. मात्र संगोपनगृहाच्या दाराला उंबरठा नसावा. दारातील चुन्याची पट्टी त्याविनाही ठेवता येते. दार व रॅकमधील वाट तीन फुटांहून कमी नको. चाकाची खुर्ची वळविण्यास टोकाशी पाच फूट मोकळी जागा लागते. ही मापे पाया खणण्यापूर्वीच, ज्याला तेथे काम करावयाचे आहे त्याला समोर बसवून घ्यावीत.