वैमानिकाचें शिक्षण

विमान चालविणें हें केवळ धाडसी माणसाचें काम आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. धाडसाचा अंश त्यांत आहेच. परंतु वैमानिकाच्या शिक्षणाचा मुख्य हेतु धाडस वाढविणें हा नसून मनास शिस्त लावणें हा आहे.

या शिक्षणाचा आरंभ वैद्यकीय तपासणीनें होतो. डोळे, कान, हृदय यांची खात्री पटल्यावर उमेदवार दुहेरी सुकाणूं असलेल्या लहान विमानांत शिक्षकाशेजारीं बसतो. वर चढणें, वळणें आणि सर्वांत कठीण असें खालीं उतरणें, यांचा सराव पुनःपुन्हां करवून घेतात. पुरेशी तयारी दिसली म्हणजे एके दिवशीं शिक्षक विमानांतून उतरतो व शिष्यास एकट्यालाच वर पाठवितो. एका माणसाचें वजन कमी झाल्यामुळें विमान नेहमीपेक्षां लवकर चढतें. आणि चूक सुधारणारें आतां जवळ कोणी नाहीं, याची जाणीव शिष्यास प्रथमच होते.

हवामान, मार्गनिर्णय, इंजिनाची रचना, उड्डाणाचे नियम व बिनतारी संभाषण हे विषय जमिनीवर शिकावे लागतात. भारतांत व्यावसायिक परवान्यासाठीं किमान २०० तासांचें उड्डाण लागतें. त्यांपैकीं १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः उमेदवारावर असावी लागते. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यास जो वरचा परवाना लागतो, त्यासाठीं १,५०० तास भरावे लागतात.

या शिस्तीची खरी कसोटी ढगांत लागते. तेथें क्षितिज दिसेनासें होतें, आणि तोल सांभाळणारा कानांतील द्रव माणसास फसवूं लागतो. विमान बराच वेळ सौम्य वळणांत राहिलें, तर तो द्रव स्थिरावून आपण सरळच जात आहोंत असें वाटतें. विमान सरळ करतांच तें उलट बाजूस वळल्याचा भास होतो. त्या भासावर विसंबून कित्येक विमानें जमिनीवर आदळलीं आहेत. म्हणून विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढें झांपड लावून बाहेरचें दृश्य झांकतात, व केवळ उपकरणें पाहून विमान चालवावयास शिकवितात. स्वतःच्या अंगास काय वाटतें यापेक्षां समोरचा कांटा काय सांगतो तें मानणें, हा या विद्येचा गाभा होय.

असें मन अमुकच घरांत किंवा पुरुषांतच आढळतें, असें नाहीं. भारतांत देण्यांत आलेलें पहिलें वैमानिकाचें प्रमाणपत्र १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांस मिळालें. सरला ठकराल यांनीं १९३६ मध्यें जिप्सी मॉथ विमान चालवून परवाना मिळविला. पण व्यावसायिक परवान्याची त्यांची तयारी दुसऱ्या महायुद्धामुळें अर्ध्यावरच राहिली. पुढें १९६६ मध्यें दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या स्त्री वैमानिक झाल्या. १९८५ मध्यें सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखालीं केवळ स्त्रियांनीं चालविलेलें फॉकर विमान कलकत्त्याहून सिलचरला गेलें. आज जगांतील वैमानिकांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा पांच-सहा आहे. भारतांत तें शेंकडा बारांहून अधिक आहे.

स्त्रियांस अडविणारा दरवाजा असा बराच उघडला आहे. पैशाचा दरवाजा मात्र अद्यापि जड आहे. या शिक्षणाचा खर्च पन्नास लाख रुपयांच्या घरांत जातो. परवान्यानंतरही विशिष्ट प्रकारच्या विमानाचें निराळें शिक्षण घ्यावें लागतें, आणि तोंवर कर्जाचे हप्ते थांबत नाहींत. शेतकऱ्याच्या वा कारकुनाच्या घरीं निर्दोष दृष्टीचें, शांत बुद्धीचें मूल जन्मास येतें. पण फीचा आंकडा ऐकून तें विमानतळाच्या कुंपणाबाहेरूनच परत फिरतें. शिष्यवृत्त्या व माफक व्याजाचीं कर्जें यांची सोय वाढली, तर त्या मुलाचें भलें होईलच. आणि हजारों उतारूंचे प्राण ज्यांच्या हातीं सोंपवावयाचे, त्यांची निवड ऐपतीवरून न होतां योग्यतेवरून होईल.