फुकटच्या कुतूहलाची किंमत

बदलापूरहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये एकेकाळी चार प्रवासी गुडघ्याला गुडघा लावून बसत, मांड्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवत आणि कल्याण येण्यापूर्वीच पत्त्यांचा डाव रंगात येई. तो डाव अजून पुरता मोडलेला नाही. परंतु चौघांच्या खेळाची जागा आता बव्हंशी एकेकट्याच्या खेळाने घेतली आहे. प्रत्येकाच्या तळहातावर एक लहानसा पडदा असतो आणि प्रत्येकाचा अंगठा स्वतंत्रपणे चालत असतो. बदलापूर ते मुंबई हे अंतर सुमारे 68 किलोमीटर. जाण्यायेण्याचे रोज तीन तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 900 तास होतात. या तासांचे काय होते, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही.

इंटरनेटवर सहज भटकताना सापडणाऱ्या गमतीजमतींची हेटाळणी करण्याचा मोह सुशिक्षितांना नेहमीच होतो. तो आवरला पाहिजे. जगाच्या नकाशावरील कोणत्या तरी अनोळखी रस्त्यावर खेळणाऱ्याला उभे करून ‘हे ठिकाण कोणते?’ असे विचारणारा ‘जिओगेसर’ हा खेळ 2013 साली स्वीडनमध्ये निघाला. पाट्यांची लिपी, झाडांची जात आणि सूर्याची दिशा पाहून उत्तर शोधायला लावणारा हा खेळ भूगोलाच्या कित्येक तासिकांपेक्षा सरस आहे. गूगलच्या ब्राउझरमध्ये जोडणी तुटली की पडद्यावर उड्या मारणारा डायनासोर दिसतो; त्याच्याशी दोन मिनिटे खेळणाऱ्याचे काही बिघडत नाही. खेळ ही माणसाची गरज आहे आणि दिवसभर फायलींत मान घालून बसणाऱ्या कारकुनाची ती अधिकच आहे.

तथापि, यातील बहुतेक वस्तू ‘फुकट’ मिळतात, या समजुतीची तपासणी व्हायला हवी. हर्बर्ट सायमन यांना 1978 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी 1971 मध्येच असे दाखवून दिले होते की, माहितीची विपुलता झाली की माणसाच्या अवधानाची टंचाई निर्माण होते. टंचाई आली की बाजार आलाच. खेळ फुकट देणारा व्यापारी खेळणाऱ्याचे अवधान गोळा करतो आणि ते जाहिरातदारास विकतो. या व्यवहारात खेळणारा हा गिऱ्हाईक नसून माल असतो. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु ज्या खेळात केवळ वेळच पणाला लागतो, तेथे कोणताही कायदा पोहोचू शकत नाही. तेथे विवेकच हवा.

हा विवेक करताना एक कसोटी उपयोगी पडते. ती वस्तू बंद आहे की उघडी? गेब्रिएले चिरुल्ली या 19 वर्षांच्या इटालियन तरुणाने 2014 साली आकड्यांच्या चौकटी सरकवण्याचा ‘2048’ हा खेळ सुटीच्या दोन दिवसांत तयार केला. कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती. तशाच आधीच्या खेळांवरून त्याने ती घेतली होती. मात्र खेळामागील संगणकीय आज्ञावली त्याने कुणालाही पाहण्यासाठी आणि बदलण्यासाठी खुली ठेवली. परिणामी लाखो लोक तो खेळले आणि काहींनी तो उघडून पाहिला, मोडला व त्यापासून नवे खेळ रचले. एकाच वस्तूने काहींचा वेळ खाल्ला आणि काहींना विद्या दिली, ती अशी.

उघडून पाहण्याची ही विद्या या परिसराला परकी नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या ओसाड बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. 1949 साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. हाती भांडवल नव्हते, जमीन नव्हती. होती ती चिकाटी आणि चलाखी. परदेशी वस्तूंची तेथे हुबेहूब नक्कल होऊ लागली आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद देशभर पसरला. खोटा शिक्का मारून माल विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूकच होय आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु त्या विनोदात एक सत्य झाकले गेले. नक्कल करण्यासाठीसुद्धा वस्तू उघडावी लागते, तिचा प्रत्येक भाग समजून घ्यावा लागतो आणि हाताशी असलेल्या साधनांतून तो पुन्हा घडवावा लागतो. आज त्याच गावातील मुलाच्या हाती आलेला मोबाइल मात्र डिंकाने चिकटवून बंद केलेला असतो. त्याला तो वापरता येतो, उघडता येत नाही.

येथे अरविंद गुप्ता यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला हा अभियंता 1978 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात सामील झाला. तेथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीतील काड्या यांचा शोध लागला. नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडल्या की कोन, चौकोन, घनाकृती तयार होतात. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र दाद देत नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलांत त्रिकोणच का दिसतात, हे मुलाला मग कुणी सांगावे लागत नाही. पुढे पुण्याच्या ‘आयुका’मध्ये त्यांनी अशी शेकडो खेळणी घडवली आणि ती सर्व, मराठी पुस्तकांसह, इंटरनेटवर विनामूल्य ठेवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या संग्रहातील विजेची मोटर तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एक बॅटरी, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढेच साहित्य. तारेच्या एका टोकाचा लेप पूर्ण खरवडायचा, दुसऱ्याचा मात्र एका बाजूला राखायचा. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात वीज क्षणभर खंडित होते आणि वेटोळे मागे न खेचले जाता फिरत राहते. ही तार आणि जुन्या लाउडस्पीकरमधील चुंबक दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळतील. काड्यांचे तर विचारायलाच नको. ‘विमको’ कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना एकेकाळी अंबरनाथलाच होता.

म्हणजे कच्चा माल गावात आहे, कसब गावात आहे आणि आराखडा इंटरनेटवर फुकट आहे. उणीव आहे ती या तिघांची गाठ घालून देणाऱ्याची. हे काम शिक्षकांचे आहे. या तिन्ही गावांतील शाळांनी आणि महाविद्यालयांनी शनिवारचा एक तास राखून ठेवावा. विद्यार्थ्याने आठवड्यात इंटरनेटवर पाहिलेली एक गंमत हाताने करून दाखवावी आणि शेजारच्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास त्या दिवशी सन्मानाने वर्गात बोलवावे. यास गुण मिळणार नाहीत, हा आक्षेप येईलच. पण लोकलमधील त्या 900 तासांनाही कुणी गुण देत नाही. त्यांतील 50 तास जरी पडद्यावरून हातापर्यंत आणता आले, तरी हा सौदा तोट्याचा ठरणार नाही.