जिनिव्हाचं भांडण, नागपूरचा पत्ता

आंधळगावहून मोहाडी, भंडारा करत नागपूर गाठणाऱ्या माणसाला, मग तो हातमागाच्या साड्या घेऊन निघालेला विणकर असो की लेकीच्या ॲडमिशनसाठी धावणारा बाप, दोन कॉलेजं ठाऊक असतातच. एक सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप, दुसरं सेमिनरी हिल्सवरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स. गावाकडे दोन्हींवर एकच शिक्का: ‘मिशनवाल्यांचं कॉलेज’. क्रूस दोन्हीकडे, नाताळ दोन्हीकडे, आणि आपल्या लेखी दोन्हीकडचा प्रमुख ‘फादर’च.

या दोन नावांच्या मागे मात्र जिनिव्हा शहरातलं एक जुनं भांडण आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा व्हायला अजून नऊ वर्षं होती. हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. या चर्चचं मूळ जॉन नॉक्स यांच्यापर्यंत जातं, आणि नॉक्स हे जिनिव्हात प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विन यांच्या सहवासात राहून परतलेले. १५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता झुगारली, त्यात नॉक्स आघाडीवर होते.

आता दुसरी बाजू. फ्रान्सिस डी सेल्स १६०२ साली जिनिव्हाचे कॅथलिक बिशप झाले खरे, पण शहर कॅल्विनच्या अनुयायांच्या हातात. स्वतःच्या धर्मपीठात राहायची सोय नसलेला हा बिशप जवळच्या ॲन्सी गावातून कारभार बघत राहिला. त्याआधी तरुणपणी ते प्रोटेस्टंट मुलखात प्रवचनं द्यायला गेले, तर ऐकायला कोणी येईना. मग त्यांनी पत्रकं लिहून लोकांच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. विषय होते शास्त्र, परंपरा आणि पोपचा अधिकार. (याच खटपटीमुळे १९२३ साली त्यांना पत्रकारांचा आणि लेखकांचा आश्रयदाता संत ठरवलं गेलं. वृत्तपत्राच्या अंकात घुसवलेली जाहिरातीची पत्रकं झटकताना मला हमखास त्यांची आठवण होते.) त्यांच्या नावाचा धर्मसंघ १८३८ साली ॲन्सीतच सुरू झाला, पुढे भारतात पोचला, आणि १८८७ साली नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत उभा राहिला. जिनिव्हात जे दोन पक्ष एका वेशीत नांदू शकले नाहीत, त्यांचे वारस नागपुरात एका रिक्षाच्या अंतरावर आहेत.

तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोघांत फरक आहेच. पण तो कुठे आहे याबद्दलच्या आपल्या समजुती बहुतेक उलट्या आहेत. जिथे फार मोठी दरी असल्याचं ऐकिवात आहे, तिथे ती बरीच बुजली आहे. जिथे काही वेगळं असेल असं बाहेरच्याला वाटतही नाही, तिथे ती अजून तशीच आहे.

‘दोघांचं बायबल वेगळं असतं’

नवा करार दोघांचाही तोच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात: प्रोटेस्टंट ३९ पुस्तकं मानतात, कॅथलिक ४६. तोबित, जुदिथ, ज्ञानग्रंथ, सिराक, बारुख आणि मकाबींचे दोन ग्रंथ ही ती सात, शिवाय एस्तेर आणि दानिएल यांतले काही जास्तीचे भाग.

यावर एकजण म्हणतो ‘त्यांनी काढली’, दुसरा म्हणतो ‘त्यांनी घातली’. दोन्ही अर्धवट. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर वापरत, त्यात ही पुस्तकं होती. यहुदी लोकांनी प्रमाण मानलेल्या हिब्रू यादीत नव्हती. जेरोमसारख्या संतालाच त्यांच्याबद्दल शंका होती. मार्टिन ल्यूथर यांनी १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती फेकून दिली नाहीत. दोन करारांच्या मधे, वाचायला चांगली पण शास्त्राच्या तोडीची नव्हेत, अशा शेऱ्यासह वेगळी छापली. कॅथलिक चर्चने १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत ती प्रमाण असल्याचं पक्कं केलं. इंग्लंडच्या राजा जेम्सच्या १६११ च्या बायबलातही ती होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ च्या सुमारास ती वगळण्याचं धोरण घेतलं, आणि सोसायटीच्या स्वस्त प्रती जगभर गेल्या त्या या पुस्तकांशिवाय. वाद निव्वळ पानांचा नाही. मृतांसाठी प्रार्थना करावी याला कॅथलिक जो आधार देतात, त्यातला एक मकाबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे.

‘कॅथलिकांना बायबल वाचायची मुभा नसते’

या समजाला इतिहासात थोडा आधार आहे, म्हणून तो टिकून राहिला. १५६४ साली रोमने नियम केला होता की लोकभाषेतलं बायबल वाचायचं तर वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी. पण मराठी वाचकाने तरी हा गैरसमज उराशी धरू नये. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत पहिल्यांदा विस्ताराने सांगितली ती एका कॅथलिक जेझुइटाने. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत छापलेल्या. ते भाषांतर नव्हे, पुराण आहे, हे मान्य. शब्दशः भाषांतराचं काम प्रोटेस्टंटांनी हाती घेतलं: विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली आला, आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी अनुवादाला दिली.

कॅथलिक चर्चनेही १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, शास्त्र सर्व भाविकांना सहज खुलं असावं असं ठरवलं. आज रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, बायबलमधली तीन वाचनं असतात आणि त्यांचं चक्र तीन वर्षांचं असतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वाचू न देणारं चर्च हे असं करत नाही.

‘प्रोटेस्टंट परंपरा मानत नाहीत’

इथे जरा थांबावं लागतं, कारण बाकीचे सगळे वाद इथूनच फुटतात.

विदर्भातल्या वाचकाला हा मुद्दा महानुभाव पंथावरून लगेच कळेल. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली म्हाइंभटांनी शिष्यांच्या आठवणी गोळा केल्या, पारखल्या, आणि लीळाचरित्र सिद्ध झालं. म्हणजे आधी शिष्यांची मंडळी, मग पोथी. येशूनेही काही लिहून ठेवलं नाही. कॅथलिक नेमकं हेच म्हणतात: चर्च आधी, नवा करार नंतर, कुठली पुस्तकं शास्त्र म्हणायची हेही चर्चनेच ठरवलं. तेव्हा शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा यांचा उगम एकच, आणि दोन्हींचा अधिकृत अर्थ लावायचं काम पोप आणि बिशप यांचं.

प्रोटेस्टंटांचं उत्तर असं: पोथी सिद्ध झाल्यावर पुढच्या प्रत्येक आचार्याची पारख त्या पोथीवरच व्हायला हवी. आचार्य चुकतात, परिषदा चुकतात. ‘केवळ शास्त्र’ या त्यांच्या घोषणेचा अर्थ एवढाच की शेवटचा निवाडा शास्त्राचा. बाकी सगळं टाकून द्या, असा नव्हे. ल्यूथर आणि कॅल्विन दोघेही संत ऑगस्टीनचे दाखले पानोपानी देतात. चौथ्या शतकात ठरलेला नायसीन विश्वासांगीकार नागपूरच्या प्रोटेस्टंट उपासनेतही म्हटला जातो. ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द बायबलात नाही, तरी दोघेही तो मानतात.

आणि खरं सांगायचं तर परंपरा सोबत न आणता कोणीच आलं नाही. ‘केवळ शास्त्र’ म्हणणारे मिशनरी आपल्या गावाकडच्या चाली, बाकं आणि उपासनेची शिस्तही घेऊनच उतरले. ती परकी चाल बाजूला सारून अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणायला रेव्हरंड नारायण वामन टिळक यावे लागले. तेही प्रोटेस्टंटच.

‘कॅथलिक पुण्य करून तरतात, प्रोटेस्टंट नुसत्या विश्वासाने’

ऐकायला ही सर्वांत मोठी दरी. ल्यूथर यांचे १५१७ चे ९५ मुद्दे पापदंडाच्या माफीपत्रांविरुद्ध होते, आणि रोमच्या सेंट पीटर मंदिराच्या बांधकामासाठी त्यांची विक्री चालली होती हे खरंच आहे. मात्र १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैसे घेऊन माफी देण्याला बंदी घातली, हे सहसा कोणी सांगत नाही. माफीची संकल्पना कॅथलिक चर्चमध्ये आजही आहे, विक्री नाही. शिवाय ट्रेंटच्या परिषदेनेच १५४७ साली स्पष्ट केलं होतं की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने. त्याआधीचं कोणतंही कर्म ती कृपा कमावू शकत नाही.

दुसऱ्या बाजूलाही तीच गत. ‘विश्वास पुरे, मग कसंही वागा’ असं कोणताही जबाबदार प्रोटेस्टंट शिकवत नाही. सत्कर्म हे तारणाचं मोल नव्हे, तारणाचं फळ, अशी त्यांची मांडणी. केवळ विश्वासाने तारण मानणाऱ्या स्कॉटिश मंडळींनी नागपुरात शाळा काढल्या, मूर मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं, भंडाऱ्यातही काम केलं. कर्माला किंमत नसती तर एवढी यातायात कशाला?

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये कॅल्विनच्या परंपरेतल्या चर्चांचा जागतिक संघही. मूळ गाभ्यावर एकमत, उरलेले फरक फूट पाडण्याइतके नाहीत, असा त्याचा आशय. काही धर्मशास्त्रज्ञ अजून नाक मुरडतात, पण ज्या प्रश्नावरून युरोप फाटला तो आता बहुतांशी निकालात निघाला आहे.

‘भाकर आणि द्राक्षारस दोघांकडे, मग फरक कसला?’

फरक इथे आहे.

येशूने शेवटच्या भोजनात भाकर हाती घेऊन ‘हे माझं शरीर’ म्हटलं, हे सर्वांना मान्य. कॅथलिक ते शब्दशः घेतात: मिस्सेत धर्मगुरूने अर्पण केल्यावर भाकरीचं रूप, चव, वास तसाच राहतो, पण तिचं सत्त्व पालटतं. म्हणूनच उरलेला ख्रिस्तप्रसाद वेदीजवळच्या बंद पेटीत ठेवतात, जवळ दिवा तेवत असतो, आणि कॅथलिक भाविक आत येताच गुडघा टेकतो.

‘प्रोटेस्टंटांसाठी ती निव्वळ खूण’ हे मात्र सरसकट खरं नाही. १५२९ साली मारबुर्गच्या वाड्यात ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथर यांनी येशूचे ते शब्द खडूने मेजावर लिहिले आणि त्यांवरून तसूभर हटले नाहीत. ख्रिस्त तिथे खरोखर आहे, हाच त्यांचा हट्ट. झ्विंग्ली म्हणत, हे स्मरण आहे. बहुतेक मुद्द्यांवर जुळलं, या एकावर फिसकटलं. कॅल्विन यांनी पुढे तिसरी वाट काढली: भाकर भाकरच राहते, पण पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने भाविक खऱ्या ख्रिस्ताचा वाटेकरी होतो. हिस्लॉप यांचं चर्च या तिसऱ्या वाटेवरचं.

हे वेगवेगळे प्रवाह एका छताखाली आले तेही नागपुरातच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशी सहा चर्चं त्यात विलीन झाली. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा की कळत्या वयात, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालणाऱ्यांनी दोन्ही रीती चालवून घ्यायचं ठरवलं. कॅथलिक चर्च त्यात नव्हतं.

तरी बाप्तिस्म्याच्या बाबतीत कॅथलिक दार बंद नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं, कॅथलिक होणाऱ्याला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देत नाही. मिश्र विवाहही बिशपच्या परवानगीने होतो. अडतं ते वेदीशी. प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या दीक्षेतला धर्मगुरू नसेल तर तो संस्कार पुरा होत नाही, आणि संपूर्ण ऐक्य नसताना एकत्र ख्रिस्तप्रसाद घेणं म्हणजे नसलेलं ऐक्य दाखवणं, असं कॅथलिक चर्च मानतं. मरणाच्या दारातल्या माणसासारखे काही अपवाद सोडले तर प्रोटेस्टंटांना मिस्सेत तो दिला जात नाही. उलट प्रभुभोजनाच्या मेजाशी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात इतर चर्चांच्या दीक्षित सभासदांचं सर्वसाधारणपणे स्वागत असतं. अधिकार कोणाचा, हाच प्रश्न इथेही आडवा येतो.

आपल्याकडे याचा घोळ लग्नात किंवा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत होतो. सत्यनारायणाच्या प्रसादाला कोणी ना म्हणत नाही, त्याच सवयीने पाहुणा रांगेत उभा राहतो, हात पुढे करतो, आणि फादर हलकेच नकार देतात. जातीवरून डावललं की काय, असा सल घेऊन काहीजण परततात. तसं काही नसतं. हाच नियम बाप्तिस्मा झालेल्या, रोज बायबल वाचणाऱ्या प्रोटेस्टंट पाळकालाही लागू आहे. अशा वेळी जागेवर बसून राहावं, कोणी वावगं समजत नाही. जेवणाच्या पंगतीला मात्र सगळ्यांना आग्रह असतो.