चढता समुद्र (लेखांक ७) : बर्फ जातो, जमीन उठते

मागच्या लेखांकात आपण एक आकडा पाहिला : १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. आकडा खरा आहे, पण तो वाचून समुद्र सगळीकडे वीतभर चढला असं समजलात तर फसाल. स्टॉकहोममध्ये १७७४ पासून समुद्राची पातळी मोजली जाते, आणि या अडीचशे वर्षांत तिथल्या किनाऱ्याच्या मापाने ती वाढण्याऐवजी घटली आहे.

हे कोडं स्वीडनला त्याही आधीपासून पडलेलं होतं. तापमापकामुळे आपल्या ओळखीचा असलेला आंदेर्स सेल्सिअस याने १७३१ साली येव्हले शहराजवळच्या ल्यव्हग्रुंड बेटावर एका खडकावर पाण्याच्या पातळीला खूण कोरून ठेवली. त्या किनाऱ्यावर सील ज्या खडकांवर येऊन पहुडत, ते शिकारीच्या दृष्टीने मोलाचे, त्यामुळे त्यांच्या जुन्या नोंदी होत्या. त्यातले काही खडक पाण्याबाहेर इतके आले होते की सीलना त्यांवर चढताच येईना. सेल्सिअसने निष्कर्ष काढला, समुद्र आटतो आहे. त्याची खूण आज पाण्यापासून जवळपास दोन मीटर वर आहे. पाणी मात्र आटलेलं नाही, खडकच वर आला आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या भाराखाली दबलेली जमीन भार गेल्यावर उठते, हे स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसनने मांडलं ते १८६५ मध्ये.

बर्फ जाऊन दहा हजार वर्षं होत आली, तरी बॉथ्नियाच्या आखाताच्या उत्तरेला जमीन अजून वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येते. इतका उशीर का, याचं उत्तर प्रावरणात आहे. प्रावरण म्हणजे जमिनीखाली खदखदणारा लाव्हा, हा शाळेपासून डोक्यात बसलेला समज आधी काढून टाकू. प्रावरण घन खडकाचं आहे. फक्त तिथलं तापमान आणि दाब असा की हजारो वर्षांच्या हिशेबात तो खडक वाहतो. मळलेल्या कणकेत बोट दाबून काढलं तर खळगा थोडा लगेच भरतो आणि बाकीचा सावकाश, खडकाचंही तसंच. वर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला की खालचं प्रावरण बाजूला सरकतं आणि बर्फाच्या कडेबाहेरची जमीन फुगते. बर्फ गेला की हाच प्रवास उलटा होतो. म्हणून कॅनडात हडसनच्या उपसागराचा किनारा वर येतो आणि अमेरिकेत चेसापीक उपसागराचा किनारा खचतो. त्या खचण्याची भर समुद्राच्या वाढीत पडते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट गुरुत्वाकर्षणाची. हिमचादर इतकी प्रचंड असते की आजूबाजूचं समुद्राचं पाणी ती स्वतःकडे ओढून धरते. अमेरिकेच्या रॉबर्ट वुडवर्डने १८८८ मध्येच हे गणित मांडलं होतं. बर्फ वितळला की ती ओढ कमी होते, पाणी दूर जातं, आणि हिमचादरीपासून सुमारे दोन हजार किलोमीटरच्या आत समुद्राची पातळी चक्क उतरते. उतरलेलं पाणी लांबच्या किनाऱ्यांच्या वाट्याला येतं. ग्रीनलंड वितळतं तेव्हा आइसलंडला सवलत मिळते. मुंबई, रत्नागिरी, पणजी ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्ही हिमचादरींपासून लांब आहेत. आपल्याला तशी सवलत नाही.

आता पश्चिम अंटार्क्टिका, कारण खरी उत्कंठा तिथे आहे. थ्वेट्स आणि पाइन आयलंड या हिमनद्या जिथे समुद्राला मिळतात, त्या आमुंडसेन समुद्राच्या काठी उघड्या खडकावर जीपीएस यंत्रं बसवलेली आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली जमीन वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत उठत असल्याचं दिसलं, म्हणजे बॉथ्नियाच्या चौपटीहून जास्त. तिथलं प्रावरण जास्त उष्ण आणि मऊ आहे. जिथे इतरत्र हजारो वर्षं लागतात, तिथे ते दशकांत हलतं. यामुळे एक हिशेबही बदलला. उपग्रह गुरुत्वाकर्षणावरून बर्फ तोलतात, आणि खाली भरत आलेला खडक त्यांना बर्फासारखाच वजनदार भासतो. तो वजा केल्यावर त्या भागातली बर्फाची घट आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे १० टक्के जास्त निघाली.

पण उठणारी जमीन बर्फाच्या मदतीलाही येते. इथल्या हिमचादरीचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जावं तसा आणखी खोल होत जातो, त्यामुळे कोमट पाणी बर्फाला बुडाकडून खात आत शिरतं. तळच वर आला तर पाणी उथळ होतं आणि माघारीला लगाम बसतो. हा लगाम किती भक्कम? मॅकगिल विद्यापीठाच्या नताल्या गोमेझ आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये गणित मांडलं : उत्सर्जन कमी राहिलं तर जमिनीच्या या उठावामुळे समुद्राच्या वाढीतला अंटार्क्टिकाचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. उत्सर्जन बेफाम राहिलं तर बर्फ जमिनीपेक्षा वेगाने पळतो, लगाम निरुपयोगी ठरतो, आणि वर येणारा तळ तिथलं पाणी बाहेर ढकलून समुद्र उलट जास्तच चढवतो. तेच प्रावरण, तोच खडक; तो आपल्या बाजूने उभा राहील की विरुद्ध, हे धुराड्यांवर अवलंबून आहे.

पुढच्या आठवड्यात आपल्याच दाराशी येऊ. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची पातळी अपेक्षेपेक्षा तब्बल १०६ मीटर खाली आहे. त्याचं मूळही प्रावरणातच शोधलं जातं आहे.