वीणेला कर्णा लाभतो तेव्हा

कावेरीकाठच्या कृष्णराजनगरासारख्या गावी रामनवमीच्या मांडवात वीणावादन ठेवले, तर मागे बसलेल्याला काय ऐकू येईल? फारसे काही नाही. वीणा हे दिवाणखान्याचे वाद्य. वीणा शेषण्णांनी (१८५२–१९२६) ते म्हैसूरच्या दरबारात वाजविले. तेथे श्रोते मोजके आणि शांतता पुष्कळ. मोठ्या सभेत आवाज पोचावा म्हणून याच मुलखातल्या टी. चौडय्यांनी व्हायोलिनच्या चार तारांच्या सात केल्या. वीणेला मात्र विजेचाच आधार घ्यावा लागतो.

हा आधार म्हणजे घोडीपाशी चिकटविलेली एक लहानशी चकती. काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्भार उमटतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले. तेच तत्त्व येथे राबते. पण पुष्कळदा आवाज येतो तो पत्र्यावर खडे पडल्यासारखा, आणि बोल लावला जातो बिचाऱ्या चकतीला.

खरा दोष जोडणीत असतो. चकतीची धारिता एक नॅनोफॅरड धरा. ती ५० हजार ओहम रोधाच्या ध्वनिवर्धकाला सरळ जोडली, तर सेकंदाला सुमारे ३,२०० कंपनांच्या खालचे सारे उत्तरोत्तर क्षीण होत जाते. षड्ज १६५ कंपनांवर लावला असेल, तर अनुमंद्र पंचम अवघा ६२ कंपनांचा. त्याचे अंगच नाहीसे होते. उरते ती नखाची टकटक. मध्ये १ कोटी ओहम रोधाचा पूर्ववर्धक घातला की तीच सीमा १६ कंपनांवर उतरते आणि खर्ज परत येतो. पाश्चात्त्यांच्या डबल बासची सर्वांत खालची तार तर ४१ कंपनांची; तिच्या वादकांनाही हाच उपाय करावा लागतो.

यानंतर प्रश्न जागेचा. चकती थेट घोडीवर बसविली तर स्वर स्पष्ट, पण कोरडा येतो; थोडी दूर, कुंभाच्या फळीवर ठेवली तर लाकूड बोलू लागते, मात्र कर्ण्याची किंकाळीही लवकर उठते. तालाच्या तीन तारा ज्या पितळी कमानीवरून जातात तिच्या फार जवळ गेलात, तर ताल रागावर स्वार होतो. अर्ध्या बोटाच्या अंतराने फरक पडतो. म्हणून प्रथम मेणाने तात्पुरती चिकटवून पाहावी. ५० कंपनांखालचा भाग छाटावा. तेथे वीणेचे काही नसते, मांडवाची घरघर तेवढी असते.

माझ्या मते जपायचे ते गमक. तार ओढून एका आघातात काढलेले चार स्वर शेवटी विरत जातात. आवाज वाढवून ते विरणेच बुजले, तर लोकांनी ऐकले काय? म्हणून मैफलीपूर्वी वादकाने अनुमंद्र व सारणी या दोन्ही तारा सारख्याच हाताने छेडाव्यात, आणि यंत्र सांभाळणाऱ्याने यंत्रापाशी न बसता शेवटच्या ओळीत जाऊन त्या ऐकाव्यात.